चौदाचे चार

त्या सोमवारी सकाळी रात्रीच्या पडताळणीचा अहवाल उघडला, तेव्हा एका नोंदीपुढे लाल खूण दिसली. आमच्या रुग्णालयाच्या मेडिकल रेकॉर्ड विभागात ब्लॉकचेनचा, म्हणजे नोंदींचे ठसे साखळीसारखे एकमेकांना जोडून जपण्याच्या पद्धतीचा, प्रयोग सुरू होऊन आठ महिने झाले होते आणि अशी खूण मी प्रथमच पाहत होतो.

या साखळीत रुग्णाचे नाव किंवा आजार जात नाही. नोंदीपासून एसएचए-२५६ या गणिती पद्धतीने चौसष्ट अक्षरांचा ठसा तयार होतो. तो आधीच्या ठशाशी जोडला जातो आणि त्याच्या प्रती आमच्याकडे, प्रयोगशाळेकडे व आमच्या दुसऱ्या शाखेकडे राहतात. नोंदीत एक स्वल्पविराम जरी बदलला तरी नवा ठसा जुन्याशी जुळत नाही, आणि एका ठिकाणचा ठसा कोणी बदलला तरी उरलेल्या दोन प्रती त्याला उघडे पाडतात. एस्टोनियासारख्या देशाने नागरिकांच्या आरोग्यनोंदींसाठी याच धर्तीची व्यवस्था उभारली, हे वाचूनच आम्ही हे काम हाती घेतले होते.

लाल खुणेची नोंद एका वयस्क बाईंची होती. त्यांच्या मुलाने शनिवारीच कागदपत्रांसाठी अर्ज केला होता, आणि २००२च्या वैद्यकीय आचारनियमांप्रमाणे ती आम्हाला ७२ तासांत द्यायची होती. जुनी प्रत काढून शेजारी ठेवली. फरक एकाच आकड्याचा होता: रात्रीच्या इन्शुलिनपुढे आधी १४ युनिट होते, आता ४ दिसत होते. अर्ज आल्यानंतर कोणीतरी डोस कमी करून ठेवला, असेच कोणालाही वाटले असते. मलाही वाटले, आणि हात गार पडले.

मी वॉर्डातून कागदी ड्रग चार्ट मागवला. त्यावर निळ्या शाईत स्पष्ट ४ होते आणि इन्शुलिनच्या नियमाप्रमाणे दोन सिस्टरांच्या सह्या होत्या. म्हणजे संगणकात भरतानाच एक आकडा जास्त पडला होता. शनिवारी संध्याकाळी तो लक्षात आल्यावर कोणाच्या तरी तोंडी सांगण्यावरून थेट डेटाबेसमध्ये दुरुस्त केला गेला होता. दुरुस्ती खरी होती, रीत मात्र चोरट्याची होती. शिवाय आमच्या साखळीने आठ दिवस चुकीचा आकडाच निष्ठेने जपला होता, ही गोष्ट मला आजही बोचते. ठसा बदल पकडतो. मूळ नोंद खरी होती की नाही, ते त्याला कळत नाही. ते पाहण्यासाठी सह्यांचा तो कागदच लागला.

आम्ही जुनी नोंद जशीच्या तशी परत आणली आणि तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद केली: कोणी केली, कधी केली, कशाच्या आधारे केली. दुपारी मुलगा आला. मी दोन्ही नोंदी आणि चार्टची प्रत समोर ठेवून सगळे सांगितले. तो बराच वेळ सह्यांवर बोट ठेवून बसला, मग म्हणाला, "चुकलेला कागदही मला द्या."

मी दोन्हींवर शिक्का मारून दिले.