डावीकडचे पित्ताशय

वाशी, गुरुवार

ऐरोलीच्या ज्या बाईंचे पित्ताशय आज आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये दुर्बिणीने काढले, त्यांचे यकृत डावीकडे, हृदय उजवीकडे आणि बाकीचे अवयवही आरशात दिसावेत तसे आहेत. साधारण १०,००० माणसांत एखाद्याची रचना अशी असते. डाव्या बरगड्यांखाली दुखते म्हटल्यावर पित्ताशयाचा संशय चटकन कोणाला येणार? बाई कित्येक महिने आम्लपित्ताच्या गोळ्या घेत राहिल्या आणि सोनोग्राफी झाली तेव्हा कुठे पित्ताशयातल्या खड्यांचा उलगडा झाला. छातीच्या एक्स-रेत हृदय उजवीकडे दिसताच फिल्म उलटी लावली असावी, असेच आधी सगळ्यांना वाटले.

शरीराने अवयव कुठेही ठेवले तरी त्याचे काम चालते. अडचण होते ती आमच्या हातांची. एरवी शस्त्रक्रिया करणारे आमचे सर रुग्णाच्या डाव्या बाजूला उभे राहतात, आज ते उजवीकडे होते. मॉनिटर बाईंच्या डाव्या खांद्याशी आणला आणि माझी अवजारांची ट्रॉलीही समोरच्या बाजूला गेली. खरी कसोटी पुढेच होती. छातीच्या हाडाखालचा पोर्ट, म्हणजे अवजार आत घालायची नळी, ज्यातून सर नेहमी उजव्या हाताने काम करतात, तो आता त्यांच्या डाव्या हाताशी आला होता. म्हणून त्यांनी डाव्या हाताने पित्ताशयाची मान धरून ठेवली आणि बरगड्यांखालच्या पोर्टमधून उजव्या हाताने पित्ताशय भोवतालच्या भागापासून सोडवले. नळी आणि रक्तवाहिनी बंद करणाऱ्या क्लिपा त्याच हाताने लावता याव्यात म्हणून तो पोर्ट ५ ऐवजी १० मिलिमीटरचा घेतला होता. पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, स्वच्छ दिसेपर्यंत त्यांनी क्लिप मागितली नाही. मुख्य पित्तनलिका चुकून कापली गेली तर रुग्णाचे आयुष्यभराचे हाल होतात, त्यामुळे तो उशीर मला मुळीच खटकला नाही.

डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीने पित्ताशय काढण्याची ही पद्धत आपल्याकडे सुरू केली आणि लगेच १९९१ मध्ये परदेशात अशा उलट्या रचनेच्या रुग्णावरील दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणजे रचना उलटी आहे एवढ्यावरून पोट उघडण्याचे कारण नाही.

डिस्चार्ज कार्डावर ही रचना ठळक लिहावी, असे मी सरांना सुचवले, कारण बाईंचे अपेंडिक्सही डावीकडेच आहे आणि ईसीजीच्या पट्ट्याही पुढे उजव्या बाजूला लावाव्या लागतील. सरांनी ते लाल शाईने लिहून दिले.