ढगाळ हवेत डोंगरावर

"ऊन असतं तर बरं झालं असतं," वरच्या टोकावर उभे असलेले वनमजूर काका म्हणाले आणि मी चमकले. बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली ही चैत्रातली चढण ढगांमुळे किती सुखाची झाली, असं आम्ही खालपासून म्हणत आलो होतो.

"ढगात धूर मिसळतो, ताई. लांबून कळतच नाही."

खाली तुळशी तलाव, पलीकडे विहार, बाकी सगळी करडी पानगळ. काकांनी जाळरेषा दाखवली. उन्हाळ्याआधी पालापाचोळा जाळून मोकळा केलेला पट्टा. आग तिथवर आलीच तर पुढे खायला काही मिळू नये म्हणून. हातात हिरव्या डहाळ्यांची जुडी होती. वणवा तिनेच झोडपायचा. त्यांच्या मनगटावरचे केस जळून आखूड झालेले दिसले, तेव्हा मला काही बोलवेना.

आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसामुळेच लागतात. २०१८ च्या डिसेंबरात गोरेगावला आरेचा डोंगर कित्येक तास जळत होता, आठवतंय ना? वाळल्या गवताला एक विडी पुरते.

या सुट्टीत डोंगरावर जाणार असाल, तर काडेपेटी, लायटर घरीच ठेवाल का? प्लीज.