पक्ष नसलेला आकडा

बातमीच्या डेस्कवर आयुष्य गेलं की माणूस बातमी वाचण्याआधी तिची जागा बघतो. पान कितवं, कॉलम किती, हेडिंगला प्रश्नचिन्ह लावलंय का, 'दावा' हा शब्द कुठे दडवलाय. मी एका मराठी दैनिकातून उपसंपादक म्हणून निवृत्त झालो, तरी सवय सुटलेली नाही. फॅमिली ग्रुपवर लशीवरून जे रण माजतं, तेही मी त्याच नजरेने बघतो.

ग्रुपवर दोन आघाड्या. एकीकडे माझा मोठा भाऊ, त्याला सगळे दादा म्हणतात, पक्का सत्ताधारी पक्षाचा. दुसरीकडे माझी भाची, तेवढीच पक्की विरोधात. बाकीचे हात जोडणारे इमोजी टाकतात. दोघंही शिकलेले, दोघंही रोज दोन-दोन पेपर वाचणारे. लस या विषयावर दोघांनी २०२१ पासून आजवर जेवढ्या कोलांट्या मारल्या, तेवढ्या आमच्या पेपरच्या अग्रलेखांनीही मारल्या नसतील.

सुरुवात आठवा. ३ जानेवारी २०२१ला कोविशील्ड (ॲस्ट्राझेनेकाची लस, इथे सीरमने बनवलेली) आणि भारत बायोटेकची स्वदेशी कोव्हॅक्सिन, दोघींनाही आपत्कालीन परवानगी मिळाली. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष तेव्हा आलेले नव्हते. शशी थरूर, जयराम रमेश यांनी त्यावर बोट ठेवलं, आणि ते योग्यच होतं. त्याच्या आदल्याच दिवशी अखिलेश यादव 'भाजपची लस' घेणार नाही म्हणाले होते, त्यात मात्र विज्ञान औषधालाही नव्हतं. (जूनमध्ये त्यांनी भूमिका बदलली: भाजपची नाही, भारत सरकारची लस घेणार.) औषध महानियंत्रक व्ही. जी. सोमाणी यांनी लशी ११० टक्के सुरक्षित असल्याचं सांगितलं. शंभरावरचे हे दहा टक्के कुठून आले, हे कोणी विचारलं नाही, याचं मला आमच्या व्यवसायाच्या वतीने आजही वाईट वाटतं. पुढच्या दोन दिवसांत सीरमचे अदर पूनावाला आणि भारत बायोटेकचे कृष्णा एल्ला यांची जाहीर जुंपली आणि लगेच दिलजमाईचं संयुक्त पत्रकही निघालं.

भाची तेव्हा म्हणायची, "आकडे दाखवा, मग टोचा." दादा म्हणायचा, "हा आपल्या शास्त्रज्ञांचा अपमान आहे." १ मार्चला पंतप्रधानांनी एम्समध्ये कोव्हॅक्सिन घेतल्यावर दादाच्या डीपीवर तोच फोटो. मे महिना उजाडला आणि लशींचा तुटवडा पडला. महाराष्ट्रात १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं. आता भाची संतापली होती की लस मिळत का नाही, बाहेरच्या देशांना का पाठवली. आकड्यांचा विषय तिने सोडून दिला होता. दादाला जी मिळाली ती कोविशील्ड, आणि त्यानेही स्वदेशीचा विषय सोडून दिला.

आता खरा मुद्दा. १७ मे २०२१ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक पत्रक काढलं. लसीकरणानंतरच्या दुष्परिणामांचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय समितीने ४९८ गंभीर प्रकरणं तपासली होती, त्यांतली २६ रक्ताच्या गुठळ्यांची असू शकतील अशी होती. कोविशील्डसाठी हे प्रमाण दहा लाख डोसांमागे ०.६१ निघत होतं. ब्रिटनमध्ये ते ४, जर्मनीत १०. धोका अगदी थोडा पण निश्चित आहे, असं सरकारी पत्रकात स्पष्ट लिहिलेलं होतं. लस घेतल्यावर वीस दिवसांत काय दिसलं तर डॉक्टर गाठायचा, त्याचीही यादी होती: धाप, छातीत दुखणं, हातापायांना सूज, टोचलेली जागा सोडून इतरत्र त्वचेवर उमटलेले बारीक लाल ठिपके, हटता न हटणारी डोकेदुखी.

त्या रात्री डेस्कवर काय होतं ते सांगतो. तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्यालगत घोंघावत होतं. पी-३०५ हा तराफा माणसांसकट समुद्रात अडकून बुडत होता. ऑक्सिजन, रेमडेसिव्हिर, बेड, तुटवडा यांच्या बातम्या होत्याच. ही बातमी आमच्याकडे आतल्या पानावर सिंगल कॉलम गेली, लक्षणांची यादी जागेअभावी कापून. त्या रात्री जो कोणी त्या खुर्चीवर असता त्याने हेच केलं असतं. पण पुढे? दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी कोणीही ती यादी चौकटीत घेतली नाही. सरकारला ती फार मिरवायची नव्हती, कारण ११० टक्क्यांशी ती जुळत नव्हती. विरोधकांना लस हवी होती, तिच्यावर बोट ठेवायचं नव्हतं. चॅनेलवाल्यांना ०.६१ या आकड्याचं काय करावं ते कळेना, घाबरवायला तो फार लहान आणि धीर द्यायला शून्य नाही. दोन्ही बाजूंना निरुपयोगी असा तो आकडा होता, म्हणून तो फॉरवर्ड झाला नाही. माझ्या मते सगळ्या वादात तेवढाच खरा उपयोगाचा होता. आपल्याकडे अशा घटनांची नोंद अपुरी होते, त्यामुळे खरं प्रमाण त्याहून जास्त असेल, असं मी धरून चालतो. तरी मी दुसरा डोस घेतला. त्या वर्षी कोविडने काय केलं ते मी रोज रात्री पानात लावत होतो.

२८ एप्रिल २०२४ला ब्रिटनच्या टेलिग्राफने बातमी दिली: लशीमुळे अत्यंत दुर्मीळ प्रसंगी टीटीएस होऊ शकतो, असं ॲस्ट्राझेनेकाने न्यायालयात मान्य केलं. टीटीएस म्हणजे रक्तात गुठळ्या आणि त्याच वेळी प्लेटलेट्स कमी. युरोपच्या औषध नियामकाने हाच दुष्परिणाम ७ एप्रिल २०२१ला लशीच्या माहितीत घालायला लावला होता. सीरमचंही म्हणणं होतं की माहितीपत्रकात त्यांनी तो २०२१मध्येच नमूद केलाय. तीन वर्षं छापील असलेली गोष्ट आमच्याकडच्या पडद्यावर 'मोठा खुलासा' म्हणून, लाल पट्टीत, हृदयाच्या ठोक्याच्या आवाजासह आली.

इकडे लोकसभेचे दोन टप्पे झाले होते, पाच बाकी होते. त्यातच कोविनच्या लस-प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचा फोटो गायब असल्याचं लोकांना दिसलं. आरोग्य मंत्रालयाने आचारसंहितेचं कारण दिलं, ते पटण्यासारखं होतं, कारण विधानसभा निवडणुकांत काही राज्यांत आधीही तसं झालं होतं. पण भाचीने दोन स्क्रीनशॉट शेजारी शेजारी टाकले: "बघा, पळाले." फोटो होता तेव्हा ती त्याविरुद्ध होती, आता नसण्याविरुद्ध. मी तिला फोन करून सांगितलं की टीटीएस लस घेतल्यावर पहिल्या काही आठवड्यांत होतो, तीन वर्षांनी नाही. ती म्हणाली, "मामा, तू मीडियातला आहेस, तू असंच बोलणार."

दादाची कमाल त्याहून पुढची. त्याने लिहिलं, "कोविशील्ड फॉर्म्युला परदेशी. म्हणून तर आम्ही कोव्हॅक्सिन म्हणत होतो." स्वतःच्या दंडात दोन्ही डोस कोविशील्डचे. मे महिना सरायच्या आत बनारस हिंदू विद्यापीठातल्या डॉक्टरांचा कोव्हॅक्सिनच्या दुष्परिणामांवरचा अभ्यास गाजला. आता भाची खूश. तो अभ्यास कच्चाच होता: लस न घेतलेल्यांचा तुलनेसाठी गट नाही, वर्षभराने फोनवरून विचारपूस. आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, लेखी आक्षेप घेतला आणि सप्टेंबरमध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी ग्रुपवर मी टाकली. पहिल्या बातमीवर किती धुरळा उडाला होता! या वेळी एक अंगठा, तोही बहुधा चुकून लागलेला.

जुलै २०२५मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी हासन जिल्ह्यातल्या अचानक मृत्यूंचा संबंध घाईने मंजूर केलेल्या लशीशी जोडला, तेव्हा अशाच मृत्यूंवरच्या आयसीएमआरच्या अभ्यासाची पुन्हा आठवण निघाली. १९ राज्यांतली ४७ रुग्णालयं, १८ ते ४५ वयाची माणसं. लशीने अचानक मृत्यूचा धोका वाढत नाही. वाढवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच निघाल्या होत्या: कोविडमुळे रुग्णालयात राहावं लागणं, घराण्यात तसे मृत्यू, आदल्या दोन दिवसांत भरमसाट दारू, झेपणार नाही असा व्यायाम. दादाने पहिलं वाक्य ठळक करून पाठवलं. दारूच्या ओळीवर चर्चा व्हायला हवी होती, पण आमच्या ग्रुपवर ती होणार नाही हे मला माहीत होतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ज्यांच्या मुली लशीनंतर गेल्या अशा दोन कुटुंबांनी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. नोव्हेंबर २०२२मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की लस घेणं ऐच्छिक होतं, सरकारवर नुकसानभरपाईची जबाबदारी येत नाही, दिवाणी न्यायालयात जा. ऐच्छिक? १५ ऑगस्ट २०२१पासून मुंबईच्या लोकलमध्ये सामान्य प्रवाशाला दोन डोस झाल्याशिवाय पास मिळत नव्हता. डोंबिवलीहून रोज कामावर जाणाऱ्या माणसाने कोणती इच्छा दाखवायची होती? आणि तो नियम राज्य सरकारचा, म्हणजे तेव्हा केंद्राच्या विरोधकांचा. सक्ती एकाने करायची, ऐच्छिक दुसऱ्याने म्हणायचं.

ब्रिटनमध्ये लशीने गंभीर अपंगत्व वा मृत्यू आल्याचं ठरलं तर १ लाख २० हजार पौंड देण्याची योजना आहे. ती कोविडच्या कितीतरी आधीपासूनची, आणि ती असल्याने तिथे लसीकरण बुडालं नाही. दहा लाखांतल्या त्या एकाचं आपण काय करणार, याचं उत्तर देणारी व्यवस्था असेल तर '११० टक्के' म्हणायची गरजच पडत नाही. गेल्या महिन्यात मी ग्रुपवर विचारलं, आपल्याकडे असा कायदा असावा की नाही? भाचीने लिहिलं, "आधी माफी मागू दे त्यांना." दादाने बराच वेळ टाइप केलं, खोडलं, आणि मग विचारलं, "हा विषय नेमका कुठल्या पक्षाने काढलाय?"