रॅम घेण्यापूर्वी मदरबोर्ड पाहा
ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्यासाठी सध्या आम्ही दोघे मिळून संगणक जुळवत आहोत आणि रॅमच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. डीडीआर४ (रॅमची आधीची पिढी) आणि डीडीआर५ (तिच्यानंतरची पिढी) या दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या, तरी त्यांची खाच वेगळ्या जागी असल्यामुळे एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरसाठी असलेल्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डवर तर डीडीआर५च लागते. मदरबोर्ड कंपनीने तपासलेल्या रॅमची यादी तिच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय दुकानदाराला पैसे देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. शक्यतो एकाच संचातल्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण चार पट्ट्या लावल्यावर डीडीआर५चा वेग बहुधा कमी ठेवावा लागतो. खोक्यावर छापलेला ६०००चा वेगही बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, एक्स्पो ही रॅमचा वेग वाढवणारी सोय सुरू केल्यावरच मिळतो.