एका मागावर दोघी : आमची वाटचाल

वऱ्हाडात कापूस दारात पिकतो, पण सतरंजीचं सूत आम्ही बाहेरून आणतो. अकोट, अचलपूर ही गावं एकेकाळी सुती सतरंज्यांसाठी नावाजलेली. माझ्या सासऱ्यांचाही माग होता. लग्नाच्या मांडवात प्लास्टिकच्या चटया आल्या आणि तो माळ्यावर गेला.

2014 साली मी तो खाली उतरवला. गल्लीतली एक बाई धुणंभांडी मागायला आली होती. नवऱ्यानं कर्जापायी जीव दिलेला. शासनाच्या मदतीच्या एक लाखातले 30 हजार हातात आले ते सावकारानं नेले, 70 हजार ठेवीत. सातबारा सासऱ्याच्या नावावर. धुणंभांडी देण्याइतकं माझं घर मोठं नव्हतं, माग मात्र होता.

शेजारच्या मोहल्ल्यातल्या एका वयस्कर चाचांनी आम्हाला ताणा म्हणजे उभे धागे लावायला, तार मोजून नक्षी उचलायला शिकवलं. पहिल्या खेपेला पाच जणी आल्या, चार निंदणीला परत गेल्या. चूक माझी होती. हात बसायला तीन महिने लागतात आणि शिकण्याच्या दिवसांची मी रोजी देत नव्हते. ज्या घरात संध्याकाळच्या पिठाची सोय सकाळच्या कामावर असते, तिथं तीन महिने कोण थांबेल? पुढच्या खेपेपासून पहिल्या दिवसाची रोजी सुरू केली. त्यासाठी बांगड्या गहाण पडल्या, त्याचं आजही वाईट वाटत नाही.

रुंद सतरंजीवर दोघी शेजारी-शेजारी बसतात. बाण्याची म्हणजे आडव्या धाग्याची ओढ सारखी हवी, तो धागा ठोकून बसवणाऱ्या पंजाचा ठोका सारखा हवा, नाहीतर एक कड वर चढते आणि सतरंजी जमिनीवर सरळ बसत नाही. म्हणून बोलावंच लागतं. ती पहिली बाई कित्येक दिवस मान खाली घालून विणायची. एक दिवस शेजारणीला म्हणाली, "तुहा ठोका हल्का पडते वं." मी दारातच उभी राहिले. त्या दिवसापासून जोड्या मी ठरवत नाही, त्या आपापल्या ठरवतात.

मधे एक मोठा फटका बसला. चाळीस सतरंज्या परत आल्या, लाल रंग सुटून पांढरे पट्टे गुलाबी झाले होते. तेव्हापासून रंगवलेली सुताची प्रत्येक लडी गरम पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्यावर पिळून बघतो. फडकं रंगलं की लडी परत.

मजुरी चौरस फुटावर, थेट विणणारीच्या खात्यात. पहिल्याच महिन्यात एकीचा दीर पैसे मागायला आला. ती मागावरूनच म्हणाली, "माह्या खात्यात टाकजा ताई, घरी कोनी इचारलं त मी सांगतो."

आज सहा मागांवर अकरा जणी आहेत. बाराव्या जागेसाठी एकीची शिकवणी चालू आहे.

दिवाळीसाठी सतरंज्या हव्या असतील तर ऑगस्टमध्येच कळवा. कापूस फुटला की बायका वेचणीला जातात, त्या दिवसांत हातात रोख पैसा पडतो. मी त्यांना अडवत नाही. संक्रांतीनंतर माग पुन्हा भरतात.