सवाईत खून झाला तर

भर मैफलीत खून पाडायचा असेल तर पाश्चात्त्य संगीत फार सोयीचं. ऑर्केस्ट्राचा संचालक श्रोत्यांकडे पाठ करून उभा, सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातांवर, आणि मैफल उघड्यावर असली तर वरून विमानसुद्धा नेता येतं. रॉल व्हिटफील्डने ‘डेथ इन अ बाउल’ या कादंबरीत हेच केलंय. हॉलिवूड बाउल या उघड्यावरच्या प्रेक्षागृहात मैफल रंगलेली असताना डोक्यावरून एक विमान घरघरत जातं आणि त्या आवाजात संचालक हान्स रायनरला गोळ्या घातल्या जातात. व्हिटफील्ड पहिल्या महायुद्धात वैमानिक होता, त्यामुळे त्याला विमानच सुचलं यात नवल नाही.

डेक्कनवर रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालेल्या माझ्या प्रतीत आधीच्या कुणा वाचकाने समासात पेन्सिलीने ‘हाच!’ असं लिहून ठेवलंय. तेही तीन वेगवेगळ्या माणसांपुढे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. बेन जार्डिन हा यातला खाजगी गुप्तहेर कुणावरच विश्वास ठेवत नाही, स्वतःच्या ऑफिसातल्या माणसांवरसुद्धा नाही. मयताचा भाऊ सिनेमाचा दिग्दर्शक, त्याचं एका पटकथालेखकाशी वाकडं, आणि जो येतो तो काहीतरी लपवून बोलतो. मध्यावर गुंता इतका वाढतो की मी दोनदा मागची पानं चाळली. वाक्यं मात्र तुटक, कोरडी. वर्णन म्हणून काही नाहीच. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वाचत वाढलेल्या माणसाला सुरुवातीला हे अळणी लागतं, मग चटक लागते.

कादंबरी १९३१ची, नॉफ या प्रकाशकाची. त्याच नॉफने आदल्याच वर्षी डॅशिएल हॅमेटची ‘द मॉल्टीज फाल्कन’ काढली होती. दोघे ‘ब्लॅक मास्क’ मासिकाचे लेखक, एकमेकांचे दोस्त. पुढे एकाचं नाव जगभर झालं आणि दुसरा फक्त शौकिनांपुरता उरला. खरं सांगायचं तर हॅमेट मोठाच लेखक, त्यात वाद नाही. पण व्हिटफील्डने रामोन डिकोल्टा या टोपणनावाने मनिलातल्या जो गार या फिलिपिनो गुप्तहेराच्या कथा लिहिल्या. तो स्वतः मनिलात राहिलेला होता. त्या काळात अमेरिकन मासिकांत आशियाई माणूस बहुधा खलनायकाच्या कामालाच असायचा, हे लक्षात घेतलं की जो गारचं मोल कळतं. तीसचं दशक अर्धं सरायच्या आत व्हिटफील्डचं लिहिणं जवळपास थांबलं. १९४५मध्ये तो क्षयाने गेला.

वाचताना माझ्या डोक्यात मात्र सवाई, म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व संगीत महोत्सव. आपल्याकडे हा खून जमायचा कसा? गवई श्रोत्यांकडे तोंड करून बसलेला. विलंबित चालू असताना मांडवात कुणी वेफर्सची पिशवी फोडली तरी चार माना वळतात, तिथे पिस्तूल काय लपणार? फार तर सतार-तबल्याच्या झाल्यात, म्हणजे शेवटच्या त्या द्रुत झणझणाटात, एखादी गोळी खपून जाईल. आणि संशयित म्हणाल तर मी पहिल्यांदा मागच्या तानपुरेवाल्यांना धरेन. तासभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसूनही त्यांचा चेहरा कुणाला सांगता येत नाही. असा धंद्याला लायक माणूस जार्डिनलाही मिळाला नसता.

हे सगळं मी शेजारच्या काकांना ऐकवलं. काका म्हणजे सवाईचे जुने वारकरी, रमणबागेच्या मैदानापासूनचे. ते पुस्तक घेऊन गेले, आठवड्याने परत आणून दिलं.

“कसं वाटलं, काका?”

“बरंय. खुनी कोण ते मला आधीच कळलं होतं. पण काय हो, मैफल अर्धवट राहिली, त्या लोकांना तिकिटाचे पैसे परत दिले की नाही, ते कुठे लिहिलेलंच नाही!”