स्टीम बीचच्या टेबलाला अक्रोडी रंग देताना

टेबलाची फळी १२०० बाय ६०० मिलिमीटर, जाडी २५. खाली चौकट आणि चार पाय. सगळं लाकूड स्टीम बीच, म्हणजे वाफ दिलेलं बीच, रंग हवा होता गडद अक्रोडी. बीच बघितलं की वाटतं, याला रंग देणं म्हणजे हातचा मळ. छिद्रं बारीक, अंग गुळगुळीत, सागासारखा तेलकटपणा नाही. अडचण तिथेच आहे. सागाच्या मोठ्या छिद्रांत रंगद्रव्य जाऊन बसतं आणि रेषा उठून दिसतात. बीचमध्ये त्याला बसायला जागा नसते, म्हणून साधा वुड स्टेन मिळेल तिथे घुसतो: सँडपेपरच्या ओरखड्यात, रंध्याच्या लाटेत, फळीच्या टोकाच्या उघड्या रेषांत. त्यामुळे या कामात रंगाआधीच्या तयारीला रंगाच्या दुप्पट वेळ लागला.

सुरुवात डागांपासून केली. बीच कटर किंवा राउटरखाली पटकन करपतं. हा करपलेला भाग पेपरने घासला तर नुसता चकाकतो, निघत नाही. तो स्क्रॅपरच्या पत्तीनेच खरवडावा लागतो. सांध्यांतून बाहेर आलेला ग्लू ओल्या फडक्याने पुसू नये. पातळ होऊन तो छिद्रांत जिरतो आणि नंतर तिथे रंग धरत नाही, फिकट ठिपका राहतो. साधारण अर्ध्या तासाने ग्लू रबरासारखा झाला की पटाशीने उचलायचा. कुठे राहिला आहे का ते बघायला सगळी फळी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. ग्लूचे डाग आणि आडवे ओरखडे लगेच दिसतात, आणि स्पिरिट काही मिनिटांत उडून जातं.

पेपर १०० नंबर, मग १५०, मग १८०. प्रत्येक नंबरआधी फळीवर पेन्सिलने नागमोडी रेघा मारल्या. रेघा पूर्ण गेल्या म्हणजे तो नंबर सगळीकडे फिरला. मशीनचा पेपर बारीक गोल ओरखडे सोडतो, ते कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, रंगाखाली मात्र कोंबडीने उकरल्यासारखे दिसतात. म्हणून शेवटचा १८० हातानेच, ठोकळ्यावर गुंडाळून, रेषांच्या दिशेने. फळीचं अंग १८० वर थांबवलं, दोन्ही टोकं मात्र ३२० पर्यंत नेली. टोक जितकं घोटलं जाईल तितका रंग कमी पितं. हे केलं नाही तर टोकं जवळजवळ काळी होतात. धारा एक मिलिमीटर गोल मारून घेतल्या, कारण टोकदार धारेवरून पुढे पेपर फिरवताना रंग हमखास निघतो.

यानंतर अख्खं टेबल ओल्या फडक्याने पुसून रात्रभर ठेवलं. सकाळी हात फिरवला तर दाढीच्या खुंटासारखी लव उभी होती. २२० च्या जुन्या, झिजलेल्या पेपरने ती हलकेच काढली, जोर न लावता. पाण्यात विरघळणारा रंग वापरायचा तर ही पायरी चुकवून चालत नाही, नाहीतर लव रंगाबरोबर उठते आणि ती काढताना रंगही जातो.

आता रंग. पिगमेंटचा, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगद्रव्याचा, स्टेन एकटा वापरायचा नाही हे ठरलेलंच होतं. आधी डाय (पाण्यात विरघळणारा रंग), वर पातळ सील, त्यावर पिगमेंट, असा क्रम ठेवला. डाय लाकडाच्या धाग्यात शिरतो, त्यामुळे छिद्रं असोत-नसोत, रंग बऱ्यापैकी एकसारखा येतो. पिगमेंट उन्हात डायपेक्षा जास्त टिकतं आणि खोली देतं. खिडकीजवळ ठेवायच्या सामानाला नुसता डाय देणं मला पटत नाही. खिळे आणि व्हिनेगरचा घरगुती काळा उपाय ओकवर चालतो तसा इथे चालत नाही, त्याला लागणारं टॅनिन (लोखंडाशी मिळून काळं होणारं द्रव्य) बीचमध्ये कमी असतं.

वाफ दिल्यामुळे स्टीम बीच मूळचं गुलाबी-तांबूस असतं. त्यावर बाजारातला अक्रोडी रंग जसाच्या तसा लावला तर तो विटेकडे झुकतो. तांबडेपणा मारायला हिरवा लागतो. अर्धा लिटर गरम पाण्यात सहा ग्रॅम अक्रोडी डाय पावडर आणि चिमूटभर हिरवी, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. गार झाल्यावर मलमलच्या फडक्यातून गाळलं. अशी तीन मिश्रणं करून त्याच फळ्यांच्या उरलेल्या तुकड्यांवर पाहिली, तुकडेही १८० पर्यंत घासून, पाणी मारून, शेवटच्या पॉलिशपर्यंत नेलेले. कोरड्या डायवरून अंदाज बांधता येत नाही. वाळल्यावर तो राखेसारखा मेलेला दिसतो आणि वरचा थर बसला की जागा होतो.

डाय स्पंजने भरपूर लावला, अर्ध्या-पाऊण मिनिटात कोरड्या बनियनच्या कापडाने रेषांच्या दिशेने टिपून घेतला. फळी एका दमात संपवायची, मध्ये थांबलं की ओली-सुकी हद्द कायमची उमटते. पायांना खालून वर लावला. वरून सुरू केलं तर ओघळ कोऱ्या लाकडावर उतरतात आणि त्यांच्या रेघा नंतर झाकत नाहीत. सगळ्याला मिळून तीनशे मिली पुरला. रात्रभर वाळवला, वरून पेपर मारला नाही.

सीलसाठी मेण काढलेला चपडा (लाखेचं शेलॅक) घेतला, पंधरा ग्रॅम अडीचशे मिली स्पिरिटमध्ये, आदल्या रात्री काचेच्या बरणीत भिजवून. लोखंडी डब्यात चपडा काळवंडतो. इतका पातळ थर पिगमेंटला अडवत नाही, फक्त त्याची हाव कमी करतो. दोन तासांनी ३२० चा एक हलका हात, मग तेलाचा अक्रोडी स्टेन. डबा तळापासून ढवळून घ्यावा लागतो, कारण खरा रंग तळाशी बसलेला असतो. कापडाने लावून पाच मिनिटांत पुसला आणि चोवीस तास सुकू दिला. बीचचे ते छोटे तपकिरी ठिपके, म्हणजे त्याच्या आडव्या किरणपेशी, रंगानंतरही थोडे वेगळे दिसतात. ते झाकायच्या नादी लागू नये. रंग घट्ट करत गेलं की लाकूड प्लास्टिकसारखं दिसायला लागतं. गडद रंग बीचला नवा नाही. थोनेट या फर्निचर कंपनीच्या १८५९ च्या १४ नंबरच्या खुर्चीपासून वाकवलेल्या बीचला गडद रंग देत आले आहेत, आणि मुंबईतल्या इराणी हॉटेलांतल्या खुर्च्या त्याच घराण्यातल्या.

वर पुन्हा चपडा, या वेळी अडीचशे मिलीला तीस ग्रॅम, एक हात. इथे मेणाचा साधा चपडा चालत नाही, त्यावर पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) धरत नाही आणि काही महिन्यांत पापुद्रे सुटतात. मग पाण्याच्या पीयूचे तीन हात, प्रत्येक हातानंतर चार तास, मध्ये ३२०. पहिल्या हातानंतर पेपर मारताना एका धारेवर रंग निघाला. तिथे डाय परत लावून उपयोग नसतो, सीलवर तो बसत नाही. स्पिरिटमध्ये विरघळणारा रंग थोड्या चपड्यात मिसळून बारीक ब्रशने ती रेघ भरली. चपडा आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर दमट हवेत पांढरे पडतात, म्हणून जूनच्या मध्यापासून हे काम घेऊच नये. नाइलाज असेल तर दुपारी, आणि लॅकरमध्ये रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणारा, थिनर घालून.

फळीच्या खालच्या अंगालाही तेवढेच थर दिले. बीच हवेप्रमाणे फार हलतं. ओलावा दहा टक्क्यांवरून चौदावर गेला तर सहाशे मिलिमीटर रुंदीत जवळजवळ दहा मिलिमीटर वाढ होऊ शकते. एकच बाजू बंद केली तर फळी वाडग्यासारखी वाकते. दोन्ही बाजू बंद करूनही हालचाल थांबत नाही, फक्त मंदावते, म्हणून फळी चौकटीला लांबट भोकांतून स्क्रूने अडकवली, ग्लू लावला नाही.

तेलाच्या स्टेनची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली नाहीत. सुकताना ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. दोरीवर सुटी पसरून कडक होऊ दिली, मग कचऱ्यात. पीयू हाताला दुसऱ्या दिवशीच कोरडं लागलं, तरी टेबलावर गरम कप आठवडाभर ठेवला नाही.